तिशीतल्या बाई

चन्नवीर सर बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. त्याच्या संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहत. एका सेकंदात किती चित्रे उमटतात, तो आकडा तिथे हिरव्या अक्षरांत हलत असे. "आकडा दाखवा, गोष्ट नको," हेच त्यांचे सकाळचे अभिवादन.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे छोटे कार्यालय होते. चादरीची नवी नक्षी मागावर चढवण्याआधी कारखानदाराला ती पडद्यावर हलवून, फिरवून पाहता यावी, असा प्रोग्राम आम्ही तयार करत होतो. बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तिथे उमेदवार म्हणून लागले. सहा महिन्यांनी मला ठेवायचे की नाही, हे सरांच्या अहवालावर ठरणार होते. मला चारचौघांत बोलता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते.

सर हाताने सढळ होते, हे नाकारता येणार नाही. दुपारी कडक भाकरी मोडून ते सर्वांपुढे ठेवत आणि शेंगाची चटणी स्वतः वाढत. व्ही-सिंक मला त्यांनीच समजावले, तेही मागाच्या भाषेत. "पडदा सेकंदाला साठ वेळा नवा होतो. ठोका ठरलेला हाय. चित्र ठोक्याआधी तयार झालं, तर त्या ठोक्याला लागतं. जरा उशीर झाला, की पुढच्या ठोक्यापर्यंत गप बसायचं. व्ही-सिंक म्हणजे हे गप बसणं." इतके स्वच्छ मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

माझे चित्र त्या ठोक्याला केसभर चुकत होते. त्यामुळे दर दुसरा ठोका वाया जाई आणि साठाच्या जागी आकडा बरोबर तीसवर येऊन बसे. एकदा आमच्या कार्यालयाचे मालक आत आले असताना सर माझ्या पडद्यात डोकावले.

"मॅडम, वय किती म्हणालात? सत्तेचाळीस?" आणि मालकांकडे वळून म्हणाले, "पण बघा की, मॅडम अजून तिशीतच हायत."

सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा माझे ते हसणे मला अधिक लागले. त्या दिवसापासून कार्यालयात माझे नाव 'तिशीतल्या बाई' पडले.

मग सरांनी माझ्या खुर्चीशेजारी उभे राहून व्ही-सिंक बंद केले. "वाट कशाला बघायची? बेडा." बेडा म्हणजे कन्नडमध्ये 'नको', सरांच्या तोंडून तो शब्द निघाला की विषय संपत असे. आकडा पंचावन्नवर गेला आणि सर खूश झाले. मला मात्र दिसले, की नक्षी आडवी सरकताना मधोमध तुटते. पडदा वरून खाली नवा होत असताना मध्येच पुढचे चित्र घुसे. वर जुने, खाली नवे. कोपऱ्याकडेच पाहणाऱ्या सरांना ते दिसणे शक्य नव्हते.

"सर, पण चित्र..." मी म्हणाले.

"आकडा दाखवा, गोष्ट नको."

ठीक आहे, असे मी मनात म्हटले आणि गप्प बसले. चार दिवसांत मी चित्राचे काम हलके केले. लांबून पाहताना प्रत्येक धागा वेगळा रेखाटण्याची गरजच नव्हती. व्ही-सिंक चालू ठेवून आकडा पूर्ण साठ झाला आणि चित्र अखंड राहिले. ती फाइल मी कोणालाही दाखवली नाही. दुपारी चटणी पुढे आली, की पोट बरे नाही असे सांगू लागले.

पाचव्या दिवशी चादरीचे कारखानदार व्यंकटेशम शेठ मालकांसोबत प्रोग्राम पाहायला आले. त्यांचे निम्मे आयुष्य मागावर गेले होते. सरांनी मोराची चादर पडद्यावर सरकवली आणि म्हणाले, "पंचावन्न, शेठ."

शेठनी पडद्यावर अंगठा घासला. "पंचावन्न कशाला? मोराची मान एकीकडं, अंग एकीकडं. मधून सरकलंय की. माझ्या कारखान्यात असा माल निघाला, तर विणणाऱ्याला घरी पाठवतो मी."

सरांनी प्रथमच कोपरा सोडून चित्राकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरताना मी पुरता पाहिला. घाई केली नाही. मग उठून माझी फाइल लावली. मोर अखंड सरकला. शेठ म्हणाले, "आत्ता कसं." मालकांनी विचारले, हे कोणी केले. "तिशीतल्या बाईंनी," मी म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही.

महिन्याभरात सर हुबळीला दुसऱ्या नोकरीवर निघाले. माझा अहवाल त्यांच्याच हातात होता. मनात आणले असते, तर मला घरी बसवता आले असते. त्यांनी तीनच शब्द लिहिले: 'आकडा साठ. ठेवा.'

शेवटच्या दुपारी ते डबा घेऊन माझ्यासमोर बसले. "तुमाला चार दिवस आधीच माहीत होतं, व्हय?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाय?"

"ठोका चुकला असता, सर."

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग चटणीची वाटी पुढे सरकवून म्हणाले, "आता तरी पोट बरं हाय का?"

"बेडा," मी म्हणाले.

सर मनापासून हसले. मी हसले नाही.