सिमेंटचं कोर्ट

बेळगाव स्टेशनवर बाबा गाडीच्या खिडकीशी उभे होते. शाळामास्तरच ते, गाडी हलेपर्यंत सांगत राहिले, "अभ्यास आधी, बास्केटबॉल नंतर." दादा, तू माझी वळकटी आत सरकवलीस. बेळगाव नुकतंच मैसूर राज्यात गेलं होतं, म्हणून माझं कॉलेज पुण्याऐवजी बंगळूरला ठरलं.

तिथलं कोर्ट मुरमाचं होतं. कॅप्टन नागराज हासनचा. पहिल्याच दिवशी त्याने मला आपल्या शेजारी जेवायला बसवलं, तेव्हापासून तो माझा अण्णा. चेंडू कुठे उसळेल आणि कुठे मरेल हे आम्हालाच ठाऊक, त्यामुळे आमच्या कोर्टावर आम्ही सहसा हरत नसू. पण बघायला कोण? हॉस्टेलचीच पोरं.

पुढच्या वर्षी शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजाने सिमेंटचं कोर्ट बांधलं, भोवती बसायला पायऱ्या. माणसांची गर्दी होऊ लागली, पेपरात फोटो येऊ लागले, एक-दोन सामन्यांचं वर्णन रेडिओवरही झालं. मग उंच, चांगली मुलं तिकडेच प्रवेश घेऊ लागली. तिथल्या कोचने मलाही बोलावलं. अण्णाला विचारलं, तर तो म्हणाला, "सरी, बरंय, जा." मी गेलो. बाबांनी माझा पेपरातला फोटो कापून शाळेत नेला, हे तूच कळवलंस.

त्याच वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात समोर माझं जुनं कॉलेज आलं. सिमेंटवर त्यांना चेंडूची उसळी सापडेना, आणि सगळ्या पायऱ्या आमचं नाव घेऊन ओरडत होत्या. आम्ही सहज जिंकलो. नंतर अण्णाने शांतपणे विचारलं, "तुम्ही चांगले खेळलात, की हे कोर्ट?" तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तो मला हाताला धरून त्यांच्या मेसमध्ये घेऊन गेला. जिंकलेल्यांचा बनियन घालून मी हरलेल्यांच्या पंगतीत बसलो आणि पोटभर सार-भात जेवलो. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे संघापुरतीही मुलं उरली नाहीत.

आता बंगळूरलाच कारखान्यात नोकरी आहे, बाजारात कन्नड बोलतो, घरी मराठी. परवाच्या पत्रात तू विचारलंस, घरी कधी येतोस? दिवाळीला येईन. पण 'घरी' हा शब्द वाचून मी गोंधळलो. बेळगावहून तुम्ही मला पाठवलंत, तिथे परत येता येतं. अण्णाच्या पंगतीतून मी आपणहून उठून दुसऱ्या कॉलेजात गेलो, आणि घर म्हटलं की आधी तीच डोळ्यांसमोर येते. असं का, ते मला अजून कळलेलं नाही.