आधी मावशी बसतात

जुनी खुर्ची डुगडुगली की तुम्ही ती सरळ भंगारात देता ना? कळमनुरीच्या बौद्ध वस्तीतल्या मावशी तीच घासून, पॉलिश करून उभी करतात, वर जुन्या लुगड्यांची गादीही शिवतात. परत देण्याआधी मात्र स्वतः तिच्यावर बसून दोनदा डुलतात.

परवा मी तिथंच होतो. खुर्ची न्यायला आलेले एक बागायतदार भडकले, "माझ्या खुर्चीवर तू काहून बसून राहिली?"

"पाय निखळला तं मी पडन काका, तुमी न्हाई."

ते खुर्ची टाकून निघून गेले. आता त्यांच्या सांगण्यावरून आणखी चार घरांची कामं तुटणार, हे मावशींना ठाऊक होतं. तरी त्या उठल्या नाहीत.

तुमची मोडकी खुर्ची त्यांच्याकडे न्या. त्या बसतील तेव्हा शेजारी उभे राहा.