मोजून जेवणारी मुलगी

माझी मुलगी निकिता बेचाळीस किलोमीटरची शर्यत पळते. नोकरी अंबडच्या एका कंपनीत, अकाउंट्समध्ये. पण ओळख करून देताना आधी पळणंच सांगते. पहाटे अर्धं केळं आणि काळी कॉफी घेऊन गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागते. आल्यावर उकडलेल्या अंड्यातलं फक्त पांढरं. पिवळं माझ्या बशीत. डब्यात एक भाकरी, मोड आलेले मूग, काकडी. भातासाठी तांदूळसुद्धा काट्यावर तोलून घेते. मी फोडणीला तेल घालताना मागे येऊन उभी राहते. "आई, बास." दिवसभर हेच ऐकायचं.

"एवढं पळतेस, घोड्यासारखं खायला नको?"

"घोड्याला टायमिंग काढायचं नसतं."

"शर्यतीच्या घोड्याला असतं. त्याला हरभरे चारतात."

ती हसायची आणि खायची तेवढंच. जानेवारीतली शर्यत चार तासांच्या आत संपवायची, हे तिने मनाशी धरलेलं. वजन उतरलं तसा वेगही वाढत गेला, त्यामुळे माझं बोलणं खोटं पडायचं.

यंदा गौरी जेवायच्या दिवशी येवल्याहून माझी नणंद उज्वला आली. पाळी असेल त्या बाईने नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावायचा नाही, ही सासूबाईंची रीत मी पदवीधर असूनही पाळत आलेय. निकिताने पुरण वाटलं, भराभर पोळ्या लाटल्या. खाल्ली मात्र एकही नाही.

उज्वला म्हणाली, "वहिनी, तुझी पोर गुणाची बाई! पाडव्याला हाताशी, आखाजीला हाताशी, आज पण हाताशी. आमची सृष्टी बघ, सण आला की बरोबर बाजूला!"

मी हसले. पोळी तव्यावर टाकली आणि हात तिथेच थांबला. नागपंचमीलाही निकिता होती. वर्षभरात एकाही सणाला ती बाजूला बसली नव्हती आणि मी खूश होते, मदतीला मुलगी आहे म्हणून! पोळी करपली.

उज्वला गेल्यावर निकिताला सरळ विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती म्हणून.

"होळीच्या आधी आली होती बहुतेक," ती म्हणाली. "आई, आमच्या रनिंग ग्रुपमध्ये खूप जणींची थांबते. उलट बरंय, लांब पळताना कटकट नाही."

बरंय? मला ओरडावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितलं की खाणं इतकं अपुरं पडतंय की शरीराने पाळीच बंद करून टाकली आहे. हाडंही ठिसूळ होऊ लागली आहेत. पाळी नियमित होईपर्यंत शर्यत नाही, आणि पोटभर जेवायचं. रिक्षात निकिता बाहेर बघत बसली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं."

माझ्या मनासारखं? मुलीची हाडं झिजावीत असं कुठल्या आईच्या मनात असतं?

आज संध्याकाळी तिने तूप घातलेला वरणभात खाल्ला. औषध घ्यावं तसा, माझ्याकडे न बघता. मग विचारलं, "पुढच्या वर्षी तरी पळू देशील?"

मी पळू नको असं कधी म्हटलं होतं? मी चिडूनच म्हणाले, "आधी अजून थोडा भात घे."

तिने घेतला. दोन घास खाल्ले आणि ताटावरच रडायला लागली. तिला जवळ घ्यावं, की जेवण पुरं होऊ द्यावं, हेच मला कळेना. मी वरणाची पळी हातात धरून तशीच उभी राहिले.