दोन काड्यांचं माप

एक्स-रे हातात पडला की ते खिशातून काडेपेटी काढत. पहिल्या वेळी मी खेकसलोच, "काका, इथं विडी चालत नाही."

"विडी नाई भाऊ, माप हाये." पेटीत बेतानं तोडलेल्या दोनच काड्या होत्या.

आर्वीजवळ तळेगावकडे त्यांची भाजीची शेती. पन्नाशीतच खुबा झिजला, तेव्हा वर्ध्याला आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. सगळा सांधा न बदलता मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवली होती. टोपीखालची हाडाची मान मात्र त्यांची स्वतःची. वर्षातून एकदा ते आर्वीहून एसटीनं तपासणीला येत आणि मी त्यांचा एक्स-रे काढत असे.

मग खिडकीशी जाऊन ते फिल्म उजेडात धरत. लांब काडी टोपीवर आडवी, आखूड काडी मानेवर आडवी. दोन्ही पहिल्या एक्स-रेवरून तोडलेल्या. तिसऱ्या वर्षी आखूड काडी मानेबाहेर डोकावली.

"मान बारीक होऊन राह्यली ना भाऊ?"

"फोटो लहानमोठा येतो, काका."

"मंग टोपी काऊन तेवढीच?"

आता बोला! मला तर केव्हाच दिसलं होतं. पण "डॉक्टर सांगतील" हे आमचं ठरलेलं वाक्य मी त्यांच्या तोंडावर फेकलं.

डॉक्टर काय सांगणार? कानाला मोबाईल, फिल्म पाकिटातून अर्धीच बाहेर. "फर्स्ट क्लास आहे. कामाला लागा." काड्या पाहून केबिनमधले सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो. 'काडीवाले काका' हे नाव मीच पाडलं होतं. शी! आठवलं की स्वतःचीच किळस येते.

पुढच्या वर्षी काडी आणखी बाहेर आली. त्यांनी आवाज खाली आणला. "मले बाकी काई नको भाऊ. वांग्याचं पोतं उचलू का नको, एवढंच सांगा. तुमाले दिसते ना?"

दिसत होतं हो! पण साहेबांच्या शब्दापुढे बोलायची माझी छाती नव्हती. "डॉक्टर सांगतील," मी म्हणालो. आत काय सांगितलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. जाताना त्यांनी मला पिशवीभर वांगी दिली. ती घरी नेऊन मी भरीत करून खाल्लीसुद्धा.

पोळ्यानंतर ते स्ट्रेचरवरून आले. आर्वीच्या बाजारात पोतं पाठीवर घेताना टोपीखालचं हाड मोडलं होतं. "घसरले असतील," डॉक्टर म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले.

मी फिल्म काकांसमोर धरली. "काका, हाड बारीक झालं होतं. मला दोन वर्षं दिसत होतं."

त्यांनी फिल्मकडे पाहिलंच नाही. खिशातली काडेपेटी काढून माझ्या हातात ठेवली. "आता कोनी इचारलं, तं त्याले सांगजा."

मुलानं त्यांना नागपूरला नेलं. आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत. कशाला येतील?

परवा तसलंच ऑपरेशन झालेल्या एका बाईंनी फिल्म उजेडात धरून विचारलं, "ठीक हाये ना भाऊ?"

काडेपेटी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील."