बिनहशाचं पान

“काका, अण्णा गेले.” सकाळी साडेसातला शैलाचा फोन आला आणि मी विचारलं, “कुठं?” पलीकडून हुंदका आला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि माझी मलाच लाज वाटली. पण गेलं दीड वर्ष तिचा असा फोन आला की तिचे सासरे घरातून निघून कुठंतरी गेलेले असायचे. कधी एसटी स्टँडवर, कधी नदीच्या रस्त्याला, एकदा तर परक्यांच्या लग्नात पहिल्या पंगतीला. लोक त्यांना ओळखायचे, हसायचे, शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे आणि मग घरी आणून सोडायचे. आता कुणी आणून सोडणार नव्हतं. अंगावर होता तोच सदरा ठेवून मी कराडहून सांगलीची एसटी धरली. त्याला आता सहा आठवडे होतील.

भूपालअण्णा मगदूम. नाव सांगितलं तर तुम्हाला चटकन आठवायचं नाही, पण चेहरा दाखवला तर “अरे, हा होय!” म्हणाल. सिनेमात सरपंचाच्या मागं छत्री धरून चालणारा, मालिकेत सगळं उलटंच ऐकू येणारा मामा, कुणाचा चुलता, कुणाचा टपालवाला. पोस्टरवर त्यांचं तोंड कधी आलं नाही. नाटकात मात्र ते आत आले की थेटर हलायचं. मी त्यांचा प्रॉम्प्टर. पेशानं शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी विंगेत वही धरून उभा, नट अडला की हळूच वाक्य पुरवायला. आमची ओळख झाली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आता माझी नात शाळेत जाते.

हसवायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्याचं घर, गावच्या जत्रेत ऐतिहासिक नाटक, आणि अण्णांना दूताचं एकच वाक्य. “महाराज, शत्रूसैन्य वेशीपर्यंत येऊन ठेपले आहे.” महिनाभर बैलामागं चालत त्यांनी ते घोकलं. प्रत्यक्षात धावत आत आले, राजाचा मुकुट बघून गांगरले आणि म्हणाले, “आवं म्हाराज... त्ये आल्याती की!” गाव खो खो हसलं. सांगलीचा एक नाटकमंडळीवाला तिथं बसला होता, त्यानं दुसऱ्याच दिवशी बोलावणं पाठवलं. अण्णा मला म्हणायचे, “मास्तर, लोकं मला हसली न्हाईत रं, आमच्या आईच्या बोलण्याला हसली. तवाच मला कळाय पायजे हुतं.” हे सांगतानाही ऐकणारा हसायचा. मीही हसलोय.

त्यांची काम करायची पद्धत और होती. इतर नट वाक्यं पाठ करतात. अण्णा हशे पाठ करायचे. पहिल्या अंकात अकरा हशे. चौथ्याला टोपी काढायची, सातव्याला खुर्चीवर बसायचं, अकराव्याला बाहेर. हशा आला म्हणजे वाक्य झालं, पुढचं घ्यायचं. एखाद्या गावात हशा पडला नाही तर ते वाक्य वेगळ्या तोंडानं पुन्हा टाकायचे आणि तो वसूल केल्याशिवाय पुढं सरकत नसत. फक्त एका जागी हे गणित नव्हतं. आमच्या सगळ्यात जास्त चाललेल्या नाटकात ते म्हातारे बँडवाले व्हायचे. गावभर टिंगल होणारा हा माणूस शेवटी स्वतःच्या मुलीच्या लग्नात क्लॅरिनेट खाली ठेवतो आणि म्हणतो, “आज म्या वाजिवणार न्हाई.” पुढं सात-आठ वाक्यं. त्यात एकही हशा नाही. अण्णा त्याला ‘बिनहशाचं पान’ म्हणायचे. त्या पानाला हजार माणसं एकदम गप व्हायची, आणि विंगेतून मला त्यांच्या मानेवरची शीर थरथरताना दिसायची. “बाकीचं नाटक लोकांचं,” ते म्हणायचे, “ह्ये येवढं पान माजं.”

विसरायला लागले ते आधी मलाच कळलं. वाक्यामध्ये ते थांबायचे. लोकांना वाटायचं, काय टायमिंग आहे! हसायचे. आणि अण्णांच्या हिशेबात हशा आला म्हणजे वाक्य होऊन गेलेलं, म्हणून ते पुढच्या वाक्यावर उडी मारायचे. मग समोरचा नट गडबडायचा, त्यावर आणखी हशा, की अण्णा आणखी पुढं. पहिला अंक दहा मिनिटं लवकर संपायला लागला. निर्माता खूश होता, म्हणाला, “म्हाताऱ्याचा पॉज लय भारी झालाय.” एकदा मेकअप पुसताना अण्णांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, “मास्तर, लोकं लय हसाय लागल्यात. म्या करतो तरी काय?” मला तेव्हाच सांगता आलं असतं. सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “तुम्ही रंगात आहात, अण्णा.” ...थेटर भरत होतं, आणि खरं सांगायचं तर अण्णा थांबले असते तर माझंही विंगेत उभं राहणं थांबलं असतं. मी भित्रा माणूस आहे. वर्षभर मी त्यांना चोरून वाक्यं पुरवत राहिलो.

मग कराडचा तो रविवार दुपारचा प्रयोग. पाहुणेरावळे, माझे जुने विद्यार्थी, सगळे आलेले. पहिले दोन अंक कसेबसे ओढून नेले. शेवटी अण्णांनी क्लॅरिनेट खाली ठेवलं, सरळ उभे राहिले, आणि काहीच बोलेनात. थेटर गप झालं, नेहमीसारखं. मी पहिला शब्द टाकला. मग पहिलं वाक्य. मग दुसरं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, पण मी कोण हे त्यांना उमगलं नसावं. मधल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याच्या मागून दुसरा, आणि बघता बघता अख्खं थेटर हसायला लागलं. माझा आवाज चढलेला, तो बाहेर ऐकू जात होता, त्यालाही हसत होते. त्या पानावर मी आयुष्यात पहिल्यांदा हशा ऐकला. मी पडदेवाल्याला खूण केली.

मेकअप रूममध्ये ते हात मांडीवर ठेवून बसले. मग म्हणाले, “मास्तर, माजं पान झालं?”

“झालं की, अण्णा.”

“लोकं गप हुती न्हवं?”

“गप म्हणजे... श्वास ऐकू येत होता,” मी म्हणालो.

त्यानंतर ते रंगमंचावर गेले नाहीत. मीच घरच्यांना बसवून सगळं सांगितलं, निर्मात्यालाही सांगितलं. दर गुरुवारी सांगलीला जायला लागलो. काही दिवस ते मला ओळखायचे, काही दिवस पाहुणा म्हणून नमस्कार करायचे. पण ओळखलं की जैन रिवाजानं दिवस मावळायच्या आत ताटावर बसवायचे, आणि भाकरी मोडता मोडता तेच विचारायचे, “त्या दिशी गप हुती न्हवं लोकं?” मी म्हणायचो, “गप होती, अण्णा.” ते मान हलवायचे आणि माझ्या ताटात आणखी एक वांगं वाढायला सांगायचे. मला वाटायचं, चला, आपल्या एका खोट्यानं हा माणूस निवांत आहे. त्या खोट्याचा मला थोडा अभिमानच वाटायला लागला होता, हेही लिहून टाकतो.

ते गेल्यावर चार दिवसांनी मी पुन्हा गेलो. माणसं पांगली होती. शैलानं चहा दिला, समोर बसली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “काका, सांगावं का नको कळंना. तुमी गेला की अण्णा कवा कवा मला म्हणायचे, ‘लोकं हसली गं बाई. म्या ऐकलं की. पर मास्तरला ते लय लागलंय. म्या इचारलं की त्येला गप हुती म्हणून सांगता येतंय, मग त्यो चार घास जेवतो. न्हाईतर नुसता ताटाकडं बगत बसतो.’” तिनं डोळे पुसले. “सगळे दिवस आठवायचं न्हाई त्यांना. पर ज्या दिवशी आठवायचं, त्या दिवशी मुद्दाम इचारायचे.”

मी चहा तसाच ठेवला आणि त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. खाट उभी करून भिंतीला लावली होती. खुंटीवर त्यांचा चष्मा दोरीसकट लटकत होता. आपण त्यांना सांभाळतोय असं मी दीड वर्ष धरून चाललो होतो. एक नट आपल्याला वाक्य देतोय आणि आपण ते घेतोय, हे चाळीस वर्षं विंगेत काढलेल्या माणसाला कळू नये? त्यांना खरं ठाऊक होतं, मलाही होतं, आणि दोघं मिळून आम्ही ते बोललो असतो तर कदाचित रडलो असतो. त्या दुपारी थेटरात जे हरवलं, त्याचं दुःख आम्हाला निदान वाटून घेता आलं असतं. आता ते ऐकायला कुणी नाही.

मी चष्म्याकडं बघून म्हणालो, “अण्णा, लोकं हसली.” आवाज विंगेतलाच निघाला, पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जाणार नाही एवढा. दाराशी शैला येऊन उभी होती.

“काय म्हणालात का, काका?”

“न्हाई गं,” मी म्हणालो. “काही न्हाई.”