मिस्त्री लग्नाला गेले तेव्हा

आर्वीच्या एका मोठ्या कापसाच्या जिनात रूपराव मिस्त्री होते. दोन-अडीचशे माणसं तिथं राबायची. कोणी आर्वीतलीच, कोणी जंगलपट्टीतली, इंजिनावरचा ओमप्रकाश तर थेट कानपूरकडचा. पण जिन चालतं ते आपल्या एकट्यामुळे, असं रूपरावांचं ठाम मत होतं.

कापसातून सरकी वेगळी करणारा रेचा मोठा नखरेल. त्याचं पातं कातडी रुळाला फार भिडलं की कातडं जळतं, दूर राहिलं की सरकीला कापूस तसाच चिकटून राहतो. मधली फट नेमकी किती, ही विद्या रूपरावांनी नागानं धन राखावं तशी राखलेली. पातं बसवायची वेळ आली की मदतनिसाला पिटाळायचं. "जंगलू, पाणी आण." "ओमप्रकाश, इंजिन पाहून ये." समोर कापूस घालायला बसलेल्या मनकर्णाबाईकडे मात्र नुसती पाठ केली की झालं.

ऐन हंगामात हिंगणीला भाचीचं लग्न निघालं. मॅनेजर प्रभाकररावांनी हात जोडले. "मिस्त्री, जायच्या आधी कोणाले तरी शिकवून ठेवा."

रूपराव हसले. "साहेब, हे असं शिकवून येत असतं, तर मी काऊन केस पिकवले असते?"

हिंगणीला पोचल्यापासून त्यांचा एक डोळा रस्त्यावर. जिन अडेल, कोणीतरी सायकल हाणत येईल, भर मांडवात म्हणेल, 'मिस्त्री, चला, तुमच्याबिगर सारं ठप्प!' मामा म्हणून नवरीमागे उभे राहिले तेव्हाही मान रस्त्याकडेच. अक्षता टाकल्या त्या भटजींच्या डोक्यावर.

"कोण येऊन राह्यलं जी?" बायको कांता फणकारली. "तुमची वरात हाय का?"

एक सायकल आलीही. पण तो निघाला वाजंत्रीवाल्यांचा भाऊ, जेवायला आलेला. रूपरावांनी दुसरी जिलबी घेतली नाही. कांताला तिथंच ठेवून त्यांनी आर्वीची मोटर धरली.

जिनाच्या फाटकाशीच त्यांनी कान टवकारले. रेचे घरघरत होते, अगदी सुरात. मिस्त्री तरातरा आत शिरले.

"आले का जी?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुमी गेले अन् दोन रेचे अडले."

"मंग?" रूपरावांचा चेहरा खुलला.

"मंग काय, बसवले."

"कोणं?"

"आमी."

ओमप्रकाश हात पुसत पुढे आला. आधी कोणता बोल्ट ढिला करायचा, हे त्यानं इंजिनाकडे जाता जाता पाहून ठेवलं होतं. पाणी घेऊन परतताना जंगलूनं पाहिलेलं की मिस्त्री फट मापायला तिच्यातून टेंभुर्णीचं पान ओढून बघतात. अन् मनकर्णाबाईला हाती येणारी, सरकी निघालेली रुईच सांगायची, ती गरम आली की पातं जवळ गेलं. जंगलूची अर्धी गोंडी, ओमप्रकाशची हिंदी, यांची सांगड बाईनं बसवली. रूपरावांनी ज्याला त्याला वेगवेगळ्या वेळी हाकललं, म्हणून ज्याच्या त्याच्या हाती वेगळा तुकडा लागलेला!

मिस्त्री सरकीच्या पोत्यावर फुगून बसले. चहा आला, नको म्हणाले. तेवढ्यात जंगलू जवळ आला.

"कोपऱ्यातला रेचा नाई जमला. नवं कातडं हाय. काऊन तापते?"

"जा, पाणी—" रूपराव बोलून गेले आणि थबकले. जंगलू हलला नाही. खरंच विचारत होता तो.

"इकडं ये. ओणवा हो," मिस्त्री पुटपुटले. "नवं कातडं फुगते. पहिल्या दिवशी दोन पानांएवढी फट ठेवाव, मंग एका पानाची. अन् बोल्ट असा आवळशील तर कान उपटीन!"

ओमप्रकाशही वाकून पाहू लागला. मनकर्णाबाई म्हणाली, "दवात भिजलेला कापूस आला का मी पानभर फट वाढवाले सांगतो. बरोबर ना जी?"

रूपरावांनी हे आयुष्यात ऐकलं नव्हतं. "ते मले माहीतच होतं," ते म्हणाले, आणि संध्याकाळी ओला कापूस आला तेव्हा गुपचूप करून पाहिलं. जमलं.

पुढच्या हंगामात जंगलू दुसरा मिस्त्री झाला. रूपराव चहाच्या टपरीवर सांगत सुटले, "लग्नाचं निमित्त होतं. पोरायची परीक्षा घ्याले मुद्दाम गेलतो मी." बाजूच्या बाकावर प्रभाकरराव बसले होते. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि मिस्त्रींसाठी आणखी एक चहा सांगितला.