झुंबराला नाही म्हणणाऱ्या बोपचे मॅडम

बोपचे मॅडम कुठल्याही खोलीत आल्या की आधी छताकडे पाहत, मग माणसांकडे. आमच्या पहिल्या भेटीत मी भर दुपारी खिडकीशी ट्यूबलाइट लावून वाचत होतो. नमस्काराच्या आधी त्यांनी बटण बंद केलं.

"सूर्य काही बिल पाठवून राहिला का, सर?"

आमच्या विद्यापीठाने गोंदियात आमगाव रस्त्यावर विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी खरंखुरं हॉटेल बांधायचं ठरवलं. विजेचा आराखडा मॅडमकडे होता. मी मराठीचा प्राध्यापक. समितीत सौंदर्यदृष्टी असावी म्हणून मला घेतलं होतं. कुलसचिवांना भोजनगृहात झुंबर हवं होतं. 'भव्यता' हा शब्द ते छातीवर हात ठेवून उच्चारत.

"भव्यता पुसायले शिडी लागते," मॅडम म्हणाल्या. "पोरं इथं स्वयंपाक शिकायले येऊन राहिले."

त्यांनी मोठ्या खिडक्या, एलईडी दिवे आणि सेन्सर लावले. टेबलांशी कोणी हललं की दिवे लागत, काही वेळ कोणी हललं नाही की विझत. "जेवणारा माणूस हात हलवतेच ना!" हा त्यांचा हिशेब. कुलसचिवांनी बजावलं, "उद्घाटनाला एकदा जरी फजिती झाली, तर सेन्सर निघतील आणि झुंबर लागेल." झुंबर खोक्यात आणूनही ठेवलं होतं.

उद्घाटन संध्याकाळी, भोजनगृहातच झालं. प्रमुख पाहुणे माजी मंत्री. जेवणाआधी भाषण, हे आराखड्यात नव्हतं. विद्यापीठाची माणसं भाषण ऐकताना किती निश्चल बसतात, हेही नव्हतं. पाहुणे आपल्या आजोबांच्या बालपणापर्यंत पोचले आणि गुडुप अंधार झाला.

"मेली मी आता," मॅडम पुटपुटल्या.

पण रोज वीज जाणाऱ्या गोंदियात दिवे गेले तर सेन्सरला कोण दोष देणार? पाहुण्यांना तर पर्वणीच मिळाली. "पाहा, हे या सरकारचं राज्य! धानाच्या मोटारीले लाईन नाही, अन् इथं माझ्या पोरायच्या ताटावर अंधार!"

टाळ्या पडल्या. त्यासरशी सगळे दिवे लागले.

पाहुणे स्वतःच भारावले. पुन्हा आजोबांकडे वळले, पुन्हा अंधार, पुन्हा सरकारवर तोफ, पुन्हा टाळ्या, पुन्हा उजेड. एव्हाना मागच्या टेबलावरच्या पोरांना खरी किल्ली सापडली, आणि सबंध भोजनगृह वाक्यावाक्याला टाळ्या वाजवू लागलं. आजोबांच्या म्हशीला टाळ्या. पाहुण्यांच्या खोकल्याला टाळ्या. कुलसचिव दात आवळून वाजवत होते. पाहुण्यांसमोर अंधार त्यांनाही परवडत नव्हता. मी तर हसून हसून टेबलाखाली जायच्या बेतात होतो.

पाहुणे मंचावरून उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "असे जिवंत श्रोते जिल्ह्यात कुठं नाही भेटले. कुलसचिव, या हॉलमधला एक खिळाही बदलू नका!"

"नाही साहेब," कुलसचिव म्हणाले. झुंबराचं खोकं दुसऱ्याच दिवशी परत गेलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी मॅडमना हळूच विचारलं, "पाहुण्यांना खरं सांगायचं का?"

"कायले, सर?" त्या वरण ओतून घेत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत त्यायच्या भाषणानं पहिल्यांदा कोणाचा फायदा झाला. होऊ द्या."